डिव्हाइसच नसेल तर टेस्टनं काय म्हणावं?

क्यूईएमयू या आभासी संगणक उभा करणाऱ्या सॉफ्टवेअरची काटछाट केलेली बिल्ड, म्हणजे कोडपासून बनवलेला चालता प्रोग्राम, तयार केली, सगळ्या टेस्ट घेणारं ‘मेक चेक’ चालवलं आणि टर्मिनलभर ‘फेल’ उमटलं, अशी वेळ ज्यांच्यावर आली आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. नोव्हेंबर २०२४ ते एप्रिल २०२५ या काळात मी त्यातून गेले. माहिती तुकड्यातुकड्यांनी सापडत होती, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुणी सलग सांगितलेलं हाती लागलं नाही. म्हणून घडलं त्या क्रमानं मांडते. मूळ प्रकल्पाला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवण्याच्या कागदपत्रांचा भागही गाळत नाही, कारण मला सगळ्यात जास्त धाकधूक त्याचीच होती.

मी जुळे सोलापूरला घरून काम करते. कंपनी पुण्याची, छोटी. कारखान्यांत आणि दुकानांत ठेवायची एक लहान पेटी आम्ही बनवतो आणि तिच्यात दोन-तीन आभासी मशीन चालतात. खाली क्यूईएमयू आणि त्याला वेग देणारी लिनक्समधली केव्हीएम ही सोय. क्यूईएमयू फाब्रिस बेलार्ड यांनी २००३ मध्ये आणलं. तेव्हापासून त्यात जुन्या नेटवर्क कार्डापासून फ्लॉपीपर्यंत शेकडो उपकरणांच्या नकला जमा झाल्या आहेत. आम्हाला त्यातली मोजकीच लागतात. जे लागत नाही ते बायनरीत, म्हणजे तयार प्रोग्रामात, ठेवणं धोक्याचंही असतं. २०१५ साली गाजलेलं ‘व्हेनम’ हे सुरक्षाछिद्र फ्लॉपी कंट्रोलरच्या कोडमध्ये होतं, आणि ज्या मशीनला फ्लॉपी दिलेलीच नाही तिलाही ते बाधत होतं. म्हणून आमच्याकडे ठरलं, की ‘विदाउट डीफॉल्ट डिव्हाइसेस’ हा पर्याय देऊन बिल्ड करायची आणि हवी तेवढीच डिव्हाइस हातानं चालू करायची.

दिवाळी उरकली आणि हे काम माझ्याकडे आलं. बिल्डसाठी लॅपटॉपची जागा पुरेना, तेव्हा नवी पेठेतून एक एसएसडी घेतला, साधारण पाच हजारांत. इथं एक सांगते: सगळी टार्गेट, म्हणजे आर्म, एक्स८६ अशा प्रत्येक प्रोसेसरसाठीचं वेगळं क्यूईएमयू, बिल्ड करू नका. टार्गेट लिस्टमध्ये लागतील तेवढीच द्या आणि सीकॅश, म्हणजे एकदा कंपाइल झालेलं साठवून ठेवणारं साधन, आधी बसवून घ्या. दिवसातून अनेकदा पर्याय बदलून पुन्हा बिल्ड करावी लागते, त्यात फार वेळ वाचतो. आमच्या भागात दुपारी मधूनमधून वीज जाते, त्यामुळे लांबलचक टेस्ट मी रात्री लावायचे.

बिल्ड विनासायास झाली. आमची आभासी मशीन त्यावर व्यवस्थित सुरू झाली, नेटवर्क चाललं, डिस्क चालली. टेस्ट मात्र धडाधड पडल्या. लॉग उघडला की बहुतेक ठिकाणी एकाच अर्थाची ओळ: ई१००० हे डिव्हाइसच्या मॉडेलचं वैध नाव नाही. ई१००० ही एका नेटवर्क कार्डाची नक्कल; कधी तिच्या जागी दुसरं नाव. टेस्ट डिव्हाइस मागत होती, क्यूईएमयू ‘असलं काही माझ्याकडे नाही’ म्हणून बंद पडत होतं, आणि टेस्ट त्याला बिघाड समजत होती. यात चूक कुणाचीच नव्हती. काही टेस्ट आमच्या कंपनीच्या स्वतःच्या होत्या, काही मूळ प्रकल्पाच्या जुन्या, आणि त्या लिहिल्या गेल्या तेव्हा ते डिव्हाइस प्रत्येक बिल्डमध्ये असायचंच.

पण त्या लाल ओळींच्या गर्दीत एखादा खरा बिघाड असला तर तो दिसणार कसा, या विचारानं मला झोप लागत नव्हती. माल ग्राहकाकडे जाणार होता. अशाच एका रात्री बाबा पाणी प्यायला उठले. ते आयुष्यभर चादरी-टॉवेलच्या कारखान्यात होते.

“काय करलालीस गं अजून?”

“टेस्ट फेल होतायत बाबा. पण मशीन नीट चाललंय.”

“मग फेल कशाला म्हणतंय?”

जमेल तसं समजावलं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “निळं सूतच गोदामात नसलं तर रजिस्टरला तसं लिहायचं, सूत नाही म्हणून निळा माल निघाला नाही. माग बिघडला म्हणून लिहिलं तर उगी मेकॅनिकला बोलावतेत. आणि काहीच नाही लिहिलं तर मालकाला वाटतंय निळा माल निघाला.”

पुढच्या सगळ्या महिन्यांत मी जे केलं ते याच तीन ओळींवर चाललं. फेल, कारणासकट स्किप (म्हणजे ‘वगळली’ अशी नोंद), आणि गुपचूप गायब. मधली गोष्ट हवी, आणि तिसरी पहिलीपेक्षा वाईट.

सगळ्यात सोपा वाटणारा उपाय बिल्डच्या वेळीच टेस्ट गाळण्याचा. क्यूईएमयूमध्ये डिव्हाइसचे पर्याय केकॉन्फिग ठरवतं आणि बिल्ड मेसन करतं. मेसनच्या फायलीत ‘हा कॉन्फिग पर्याय असेल तरच ही टेस्ट घे’ असं लिहिता येतं, आणि क्यूटेस्टच्या, म्हणजे डिव्हाइसच्या टेस्टच्या, फोल्डरात तसं जागोजागी लिहिलेलंही आहे. पण ज्या यादीत ते बघितलं जातं तिच्यात सगळ्या टार्गेटांचे पर्याय एकत्र केलेले असतात. समजा आर्मच्या टार्गेटमध्ये एक डिव्हाइस चालू आहे आणि एक्स८६ मध्ये बंद. तरी यादीत ते ‘आहे’ असंच दिसतं, एक्स८६ ची टेस्ट निघते आणि पडते. आमच्या दोन टार्गेटांच्या पर्यायांत फरक होता, त्यामुळे हे नेमकं आमच्यावर आलं. मला हे उमगायला डिसेंबर उजाडला. एकच टार्गेट बिल्ड केलं की टेस्ट हिरवी, दोन्ही मिळून केली की लाल. तुमच्याकडे असं होत असेल तर आधी इथं बघा.

म्हणजे विचारायचं ते प्रत्यक्ष बायनरीलाच, आणि टेस्ट चालू असताना. यासाठी लिबक्यूटेस्ट या टेस्टच्या लायब्ररीत ‘क्यूटेस्ट हॅज डिव्हाइस’ नावाचं फंक्शन आहे. ते ‘मशीन नन’ देऊन, म्हणजे कुठलंही बोर्ड न उभारता, क्यूईएमयू सुरू करतं आणि क्यूएमपी या क्यूईएमयूला आज्ञा द्यायच्या वाटेनं ‘क्यूओएम लिस्ट टाइप्स’ ही कमांड पाठवून डिव्हाइसच्या जातीतले सगळे प्रकार मागवतं. ही यादी एकदाच मागवली जाते, नंतर जपून ठेवली जाते, त्यामुळे दहा ठिकाणी विचारलं तरी वेळ जात नाही. मशीनसाठी आणि केव्हीएमसारख्या अ‍ॅक्सिलरेटरसाठीही तशीच भावंडं आहेत. ब्लॉक डिव्हाइसच्या, म्हणजे डिस्कच्या, आयओटेस्टमध्ये ‘रिक्वायर डिव्हाइसेस’ हे शेल फंक्शन आहे, ते ‘डिव्हाइस हेल्प’चं आउटपुट चाळतं. नवं काही लिहायची गरजच नव्हती. हत्यारं तयार होती, ती योग्य जागी लावायची होती.

लावताना मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात, आणि हा भाग मी सावकाश सांगते, कारण लेखातला मोलाचा भाग हाच आहे.

पहिली गोष्ट टोपणनावांची. ‘व्हर्टआयओ ब्लॉक’ हे आभासी डिस्कचं नाव आपण कमांडलाइनवर देतो, पण पीसी मशीनवर ते टोपणनाव आहे. खरा प्रकार ‘व्हर्टआयओ ब्लॉक पीसीआय’. आयबीएमच्या एस३९० मेनफ्रेमवर त्याच टोपणनावामागे ‘सीसीडब्ल्यू’ हा प्रकार असतो. क्यूओएमच्या यादीत टोपणनावं येत नाहीत. तेव्हा टोपणनावानं विचारलं तर उत्तर कायम ‘नाही’, डिव्हाइस समोर असतानाही. टेस्ट स्किप होते, रंग हिरवा राहतो, सगळे खूश, आणि ती टेस्ट प्रत्यक्षात कुठंच चालत नाही. आमच्या कंपनीच्या जुन्या टेस्टमध्ये अशी एक मला सापडली. ती केव्हापासून तशी होती ते इतिहासात शोधून काढलं तेव्हा अंगावर काटा आला. म्हणून विचारपूस लावली की तीच टेस्ट पूर्ण बिल्डवर चालवा. तिथं एकही स्किप दिसता कामा नये. दिसली तर तुमचं विचारणंच चुकलंय.

दुसरी गोष्ट, ‘नाही’चे प्रकार वेगवेगळे असतात. डिव्हाइस बायनरीत नाही, हा एक. काही डिस्ट्रिब्युशन डिस्प्लेसारखी डिव्हाइस वेगळ्या मॉड्यूलच्या पॅकेजात देतात आणि ते पॅकेज बसवलेलं नसतं, हा दुसरा. डिव्हाइस बायनरीत आहे पण निवडलेल्या मशीनला पीसीआय बस, म्हणजे ते जोडायची जागाच, नाही, हा तिसरा. इथं ‘आहे का’ विचारल्यावर उत्तर ‘हो’ येतं आणि तरी मशीन उभं राहत नाही. आणि यजमान मशीनवरच, म्हणजे खालच्या खऱ्या संगणकावरच, काही नसणं: केव्हीएमची डिव्हाइस फाइल नाही, किंवा व्हीहोस्ट नेट या नेटवर्कला वेग देणाऱ्या सोयीची आहे पण आपल्याला उघडायची परवानगी नाही. या सगळ्यांना एकाच ‘नाही’त कोंबू नये. ‘मशीन सुरू झालं नाही तर स्किप कर’ असा झटपट उपाय टीममध्ये सुचवला गेला होता. मी त्याला ठाम नकार दिला. उद्या आमच्याच बदलानं मशीन सुरू होईनासं झालं, तर ती टेस्ट नेमकी तेव्हाच गप्प बसेल. आधी स्पष्ट प्रश्न विचारायचा. उत्तर ‘हो’ आलं आणि त्यानंतर पडलं, तर ते फेलच.

स्किपसुद्धा दिसली पाहिजे. क्यूटेस्टच्या फायलींत दोन पद्धती दिसतात. डिव्हाइस असेल तरच टेस्टची नोंदणी करायची, ही एक. नोंदणी करायचीच आणि आत जाऊन जीलिब लायब्ररीचं ‘जी टेस्ट स्किप’ कारणासह बोलवायचं, ही दुसरी. पहिलीत टेस्टचं नाव आउटपुटमध्ये येतच नाही. मला दुसरी जास्त पटते. तिच्यात टॅपच्या, म्हणजे टेस्टचे निकाल छापायच्या नमुन्याच्या, ओळीत ‘स्किप’ आणि पुढं कारण छापलं जातं. अर्थात एकाच फायलीत दहा उपटेस्ट असतील आणि दोनच स्किप झाल्या, तर मेसन सारांशात त्या फायलीला ‘ओके’ म्हणतं. सगळ्याच स्किप झाल्या तरच ‘स्किप’ म्हणतं. तेव्हा सारांशावर विसंबू नका, मेसन लॉग्जच्या फोल्डरातला टेस्टलॉग उघडा आणि त्यात ‘स्किप’ शोधा.

डिसेंबरच्या मध्यापर्यंत आमच्या टेस्ट सरळ झाल्या. मूळ प्रकल्पातल्या मोजक्या टेस्टनाही हीच विचारपूस हवी होती. ती आमच्याकडेच पॅच म्हणून ठेवली असती, तर दर नव्या आवृत्तीला पुन्हा बसवत राहावी लागली असती. पुण्याचे आमचे सर म्हणाले, “तूच पाठव. नाव तुझं जाईल.” आणि कागदपत्रांचा अध्याय सुरू झाला.

क्यूईएमयूला पॅच देताना कॉमिटच्या, म्हणजे बदलाच्या नोंदीच्या, तळाशी ‘साइन्ड ऑफ बाय’ ही ओळ आपल्या नावानं लिहावी लागते. ती शोभेची नसते. हा कोड या परवान्याखाली देण्याचा हक्क मला आहे, असं आपण तिथं जाहीर करतो. मी नोकरीत, कोड नोकरीच्या वेळेत लिहिलेला, म्हणजे हक्क कंपनीचा. लेखी परवानगी हवी. आमच्या कंपनीनं असं पत्र आधी कुणाला दिलं नव्हतं. त्यांच्या वकिलांनी आधी मसुदा मागवला, मग त्यात बदल केले, मग स्टॅम्प पेपरवर करारवजा हमीपत्र मागितलं. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा स्टॅम्प चालत नाही, पाचशेचा लागतो, हे मला जिल्हा न्यायालयाबाहेरच्या विक्रेत्यानं सांगितलं. नोटरीचे वेगळे. सगळं मिळून हजाराच्या आत झालं, पण पत्र हातात पडायला जानेवारी लागला. कुणी नोकरीत असेल तर कोड लिहायला घेतानाच ही परवानगी मागून ठेवावी. सगळ्यात लांब थांबणं यातच झालं. इतक्या छोट्या बदलासाठी इतका खटाटोप का, असं मनात येत राहायचं. मूळ प्रकल्पाचे नियम वाचल्यावर मात्र ते पटलं. हा कोड कितीतरी कंपन्या वापरतात, आणि त्याच्या प्रत्येक ओळीमागं कुणीतरी हक्कानं दिल्याची नोंद आहे.

ते पत्र येईपर्यंत मी ईमेलची तयारी केली. क्यूईएमयूचा कोड गिटलॅबवर असला तरी पॅच ईमेलनंच पाठवायचे असतात. जीमेलच्या वेब पानातून चिकटवलेल्या पॅचच्या ओळी मोडतात आणि तो लागू होत नाही. ‘गिट सेंड ईमेल’ वापरायचं. त्यासाठी गूगल खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून अ‍ॅप पासवर्ड काढावा लागतो; नेहमीचा पासवर्ड तिथं चालत नाही. पहिला पॅच स्वतःच्याच पत्त्यावर पाठवा, तो उतरवून ‘गिट एएम’नं लागू होतो का बघा. प्रकल्पाच्या स्क्रिप्ट्स फोल्डरात ‘चेकपॅच’ आहे, ते ओळींची लांबी आणि मोकळ्या जागा तपासतं, आणि ‘गेट मेंटेनर’ सांगतं पॅच कुणाकुणाला पाठवायचा. गिटलॅबवर स्वतःची प्रत करून पाइपलाइन, म्हणजे आपोआप होणारी बिल्ड आणि टेस्ट, चालवायची तर मोफत खात्याला महिन्याला ४०० मिनिटंच मिळतात आणि ओळख पटवायला कार्ड मागतात. क्यूईएमयूची पूर्ण पाइपलाइन ती मिनिटं बघता बघता खाते. तेव्हा हवी ती कामंच हातानं सुरू करा.

सोलापूरची गड्ड्याची यात्रा झाली, नंदीध्वजांची गर्दी ओसरली, आणि जानेवारीच्या शेवटी एका संध्याकाळी मी पॅचची मालिका पाठवली. एन्टर दाबताना छाती धडधडत होती. जगभरची माणसं वाचणार, नाव कायमचं राहणार. ईमेल लगेच क्यूईएमयूच्या ईमेल-यादीत दिसलं नाही म्हणून पुन्हा पाठवायचा मोह झाला, तो आवरला ते बरं झालं. यादीचं सभासद नसणाऱ्याचं पहिलं ईमेल कुणीतरी बघून सोडतं, त्यात वेळ जातो.

काही दिवसांनी उत्तर आलं. शब्द मोजके, पण सूर आपुलकीचा होता. दोन सूचना होत्या. एका पॅचमध्ये दोन वेगळ्या टेस्ट बदलल्या होत्या त्या वेगळ्या कराव्यात, आणि कॉमिटच्या मजकुरात कोणत्या कॉन्फिगरेशनला टेस्ट पडते ते लिहावं. दुसरी सूचना मला फार आवडली. वर्षभरानं ही ओळ वाचणाऱ्याला ती का आहे हे कळायला हवं आणि पाडून बघताही यायला हवं. मी बिल्डचे नेमके पर्याय आणि मिळालेली एरर तिथं लिहिली. सुधारित मालिका ‘व्ही२’ असं विषयात टाकून नव्यानं पाठवायची, जुन्या धाग्यात उत्तर म्हणून नाही, आणि आधीच्या आवृत्तीपेक्षा काय बदललं ते कव्हर लेटरमध्ये लिहायचं. पहिल्या पॅचला मिळालेली ‘रिव्ह्यूड बाय’ ओळ मी सोबत ठेवली. ती तपासणाऱ्याचं श्रेय असते, गाळायची नाही.

त्यानंतर शांतता. फेब्रुवारी तसाच सरत होता. क्यूईएमयूच्या वर्षाला तीन आवृत्त्या येतात, साधारण एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये. एप्रिलच्या १०.० साठी मार्चच्या मध्यात सॉफ्ट फ्रीझ, म्हणजे नवी भर थांबवायची वेळ, होती. फ्रीझ लागल्यावर टेस्टच्या दुरुस्त्या घेतल्या जातात, तरी मला उशीर नको होता. आठवडा-दोन आठवडे उत्तर नसेल तर नम्रपणे आठवण द्यावी, असं त्यांच्याच कागदपत्रात लिहिलंय. मला संकोच वाटत होता. शेवटी आपल्याच धाग्याला उत्तर म्हणून एका ओळीची ‘पिंग’ आणि सोबत पॅचचा दुवा पाठवला. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: रांगेत घेतलंय, धन्यवाद. पुढं मेंटेनरच्या, म्हणजे तो भाग सांभाळणाऱ्याच्या, पुल रिक्वेस्टमधून बदल मुख्य शाखेत गेला. गिटच्या इतिहासात स्वतःचं नाव बघितलं तेव्हा बाबांना दाखवलं. त्यांना इंग्रजी अक्षरं ओळखता येतात, आडनावावर बोट ठेवून ते बराच वेळ बघत बसले.

एप्रिल २०२५ मध्ये १०.० आलं, त्यावर आम्ही आमची बिल्ड हलवली आणि तेवढे पॅच आमच्याकडून काढून टाकता आले. आता कुणी पाठवणार असेल तर एक नवा नियम लक्षात घ्या. जून २०२५ पासून एआयनं तयार केलेला कोड क्यूईएमयू स्वीकारत नाही. साइन्ड ऑफच्या ओळीशीच त्याचा संबंध आहे.

आमच्याकडे रोज रात्री दोन बिल्ड चालतात, एक काटछाट केलेली आणि एक पूर्ण. पूर्ण बिल्डमध्ये डिव्हाइस नाही म्हणून एकही स्किप आली की रात्रीचं काम फेल होतं. काटछाट केलेल्या बिल्डमध्ये अपेक्षित स्किपची यादी एका फायलीत आहे, प्रत्येकीपुढं कारण लिहिलेलं, आणि त्या यादीत भर घालायची तर दुसऱ्या कुणीतरी तपासून मंजुरी द्यावी लागते. व्हीहोस्टच्या परवानगीचा प्रश्न तेवढा राहिलाय. त्या टेस्ट सर्व्हरवर चालतात पण माझ्या लॅपटॉपवर स्किप होतात, आणि दोन्हींसाठी वेगळी यादी ठेवायची की लॅपटॉपवर ती परवानगी देणारा वापरकर्ता-गट जोडून घ्यायचा, हे या महिन्यात ठरवतो आहोत.